प्रशिक्षणही अंगणात यावे

झाबुआ जिल्ह्यातील एका शाखेत आम्ही तीन वर्षे नोकरी केली. हाटाच्या दिवशी बँकेच्या ओट्यावर दोन-चार अंगणवाडी सेविका हमखास बसलेल्या दिसत. पैसे काढण्याचे काम केव्हाच आटोपलेले असे, पण त्या उठत नसत. त्यांच्या फळियात मोबाइलला रेंज नव्हती आणि वरून आलेला प्रशिक्षणाचा व्हिडिओ आमच्या ओट्यावरच काय तो चाले. एकीला आम्ही सहज विचारले, "दीदी, आज काय शिकवलं?" ती हसून म्हणाली, "साब, सगळं पुस्तकातलं बोलणं होतं. मी बटण दाबत गेले, सर्टिफिकेट आलं."

तिला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही बँकवालेही दरवर्षीचे सक्तीचे ऑनलाइन कोर्स असेच उरकतो. फरक इतकाच की आमचे व्हाउचर चुकले तर संध्याकाळी हिशेब जुळवताना सापडते. तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत झालेली चूक सापडायला दहा वर्षे लागतात, आणि तोवर ते मूल शाळा सोडून बसलेले असते.

वाचकहो, हा विषय आज काढण्याचे कारण आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अंगणवाडी सेविकेला बालशिक्षिका मानले. बारावी झालेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेलीसाठी एक वर्षाची पदविका, तीही डीटीएच वाहिन्या व स्मार्टफोन यांच्या मदतीने, असे त्यात म्हटले आहे. 2023 च्या मे महिन्यात केंद्राने 'पोषण भी पढाई भी' ही मोहीमही सुरू केली. हेतूबद्दल आमची तक्रार नाही. उलट ऑनलाइन शिक्षणाचा एक मोठा फायदा आहे. सेविका पंधरा दिवस जिल्ह्याच्या गावी गेली की अंगणवाडीला कुलूप लागते आणि तिची स्वतःची लेकरे शेजारणीच्या गळ्यात पडतात. शिक्षण घरी येत असेल तर ते हवेच आहे.

प्रश्न आहे तो कोणाच्या भाषेत आणि कोणाच्या सोयीने येते, हा. 2011 च्या जनगणनेत भिली गटातील बोली मातृभाषा म्हणून सांगणारे सारे मिळून एक कोटीहून अधिक होते. तरीही भिली आठव्या परिशिष्टात नाही. त्याच जनगणनेत शेजारच्या अलीराजपूर जिल्ह्याची साक्षरता सुमारे 36 टक्के, म्हणजे देशात सर्वांत कमी निघाली. अशा ठिकाणी सेविकेला शुद्ध हिंदीतले तासभराचे भाषण ऐकवायचे आणि तिने ते मुलांना भिलीत समजावून सांगावे अशी अपेक्षा धरायची, हा उफराटा व्यवहार आहे. महाराष्ट्रात 2021 साली हजारो सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. फोन तापतात, त्यांची क्षमता कमी आणि ॲप मराठीत नाही, ही त्यांची तक्रार होती. जिथे मराठीची ही गत, तिथे भिलीला कोण विचारतो?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच माणसांनी कधीच देऊन ठेवले आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करून पुढे 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढून बसल्या. अनुताई वाघ त्यांना त्याच वर्षी मिळाल्या. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच वारल्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. मुले गुरे राखत होती तिथे गेल्या, ती कुरणशाळा. खडे, शिंपले, पाने आणि बिया हीच साधने केली. 1975 साली केंद्राने देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना नाव मिळाले ते अंगणवाडीचेच. आज देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत. मुलांसाठी शाळा अंगणात गेली, मग सेविकेचे शिक्षण तेवढे बँकेच्या ओट्यावर का?

दूरच्या कॅनडातही असाच अनुभव आहे. सस्कॅचेवान प्रांतातील मेडो लेक ट्रायबल कौन्सिल या आदिवासी परिषदेने 1989 साली व्हिक्टोरिया विद्यापीठाकडे बालसंगोपनाचे शिक्षण मागितले, पण तयार अभ्यासक्रम जसाच्या तसा घेतला नाही. वर्ग आपल्याच वस्तीत भरवले. प्राध्यापकांच्या धड्यांबरोबरच वडीलधारी मंडळी वर्गात येऊन आपली भाषा आणि मूल वाढवण्याची आपली रीत सांगू लागली. तेव्हा गावोगाव इंटरनेट नव्हते. पण शिकणारी बाई कोरी पाटी नसते, हा धडा मोबाइलच्या काळातही तेवढाच खरा आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. धडे भिली, भिलालीत आणि सेविकांच्याच आवाजात असावेत. ते पाच-सात मिनिटांचे असावेत आणि एकदा उतरवून घेतले की रेंजशिवाय चालावेत. गावातल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी, खेळ, गाणी, महुआची फुले वेचताना होणारी मोजणी हे सारे अभ्यासक्रमात यावे आणि सांगणाऱ्याला त्याचा मोबदला मिळावा. फोन आणि डेटा यांचा खर्च मानधनातून जाऊ नये, शिकण्याचे तास कामाचे धरावेत. आणि प्रमाणपत्र बटण दाबून मिळू नये. पर्यवेक्षिकेने अंगणवाडीत येऊन मुलांसोबतचे काम पाहावे, मगच ते द्यावे, आणि बढतीत ते मोजले जावे.

कोणी विचारील, मराठी मंडळाच्या पत्राला भिलांची उठाठेव कशाला? राज्यघटनेचे कलम 350-अ आपल्या प्रत्येक निवेदनात असते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते सांगते. होळकरांच्या काळापासून इंदुरात राहून आपण घरात मराठी टिकवली, मुलांना शाळेत दुसरी भाषा बोलताना गप्प झालेले पाहिले. पहिल्या दिवशी आपले बोलणे बाईंना कळत नाही हे दुःख आपल्या ओळखीचे आहे. कलमात शब्द प्राथमिकचा असला तरी त्यामागचा विचार तीन वर्षांच्या भिल मुलाला अधिकच लागू पडतो. जो हक्क आपण स्वतःसाठी मागतो तो शेजाऱ्यासाठी मागायला कचरलो, तर आपली मागणी हक्काची न राहता हट्टाची ठरेल.

येत्या वार्षिक सभेत या मागण्यांचा ठराव मंडळाने करावा आणि तो महिला व बालविकास खात्याला पाठवावा, अशी आमची विनंती आहे. आपल्यात निवृत्त शिक्षिका आहेत, ध्वनिमुद्रण जाणणारी तरुण मुले आहेत. झाबुआ इथून काही तासांच्या वाटेवर आहे. सुटीचे चार दिवस काढून सेविकांचे आवाज नोंदवायला कोण येणार, त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. पहिले नाव आम्ही आमचेच लिहिले आहे.