दाढ काढली, कॅप्सूल कशाला?

काय दोस्तांनो, गाल धरून बसलंय का कुणी? वेड्यावाकड्या दातांना तार लावायची म्हणून तुमच्या वयात बऱ्याच जणांच्या उपदाढा काढतात. डॉक्टर कापसाचा बोळा चावून धरायला देतात आणि पुष्कळदा चिठ्ठीवर अँटिबायोटिकच्या कॅप्सूलही लिहितात. आई म्हणते, "घे गं, नाहीतर सेप्टिक होईल!"

खरंच होईल? आता गंमत ऐका. दात निघाला की खड्ड्यात रक्त भरतं आणि गोठतं. ही गुठळी म्हणजे शरीराने स्वतःच केलेलं ड्रेसिंग! तिच्या आधाराने खड्डा भरून येतो. म्हणून पहिले 24 तास खळखळून चुळा भरायच्या नाहीत, सारखं थुंकायचं नाही, स्ट्रॉने उसाचा रस ओढायचा नाही. आणि जिभेने चाचपून बघायचं नाही. (हे सगळ्यात अवघड!) गुठळी निघून गेली तर हाड उघडं पडतं आणि असा ठणका लागतो की विचारू नका. याला म्हणतात 'ड्राय सॉकेट'. तो ठणका अँटिबायोटिकने थांबत नाही. डॉक्टरांकडून खड्डा धुऊन घ्यावा लागतो.

मग कॅप्सूलचं काय? 2021 साली कॉक्रेन या संस्थेने बऱ्याच चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले. बहुतेक चाचण्या अडकलेल्या अक्कलदाढेच्या, म्हणजे तुमच्या उपदाढेपेक्षा कितीतरी किचकट कामाच्या. तरीही एकाचा जंतुसंसर्ग टाळायला साधारण 19 निरोगी माणसांना औषध द्यावं लागतं, असं दिसलं. म्हणजे 18 जणांनी ते उगीचच घेतलं! त्यात कुणाला जुलाब, कुणाला पुरळ. शिवाय औषधाला दाद न देणारे जीवाणू तेवढे मागे उरतात आणि वाढतात. पुढे त्यांनीच आजार केला की तेच औषध चालत नाही.

काहींना मात्र ते लागतंच. ताप आहे, चेहऱ्यावर सूज पसरतेय, किंवा हृदयात कृत्रिम झडप आहे (अशांना दात काढण्याआधीच एक डोस देतात). हे ठरवायचं डॉक्टरांनी. तेव्हा लिहून दिलेलं औषध आपल्या मनाने बंद करू नका हं! खुर्चीतून उतरताना सरळ विचारा, "काका, हे अँटिबायोटिक मला कशासाठी?" यात उद्धटपणा काही नाही.

आणि हो, चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशा औषधांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. 2016 पासून सरकारने तिची मोहीमच चालवली. घरातल्या औषधांच्या डब्यात आईबरोबर शोधा बरं, लाल रेघेची अर्धवट उरलेली किती पाकिटं सापडतात ती!