उत्तरपत्रिकेवरचे नाव झाका!

शिक्षक, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समित्या आणि पालक यांच्यासाठी

‘आमच्या वर्गात भेदभाव नाही,’ असे बहुतेक शिक्षक सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. अडचण तिथेच आहे. ठरवून केलेला अन्याय निदान दिसतो, त्याची तक्रार करता येते. आडनाव वाचताक्षणी मनात बांधला गेलेला अंदाज मात्र पेपर तपासणाऱ्यालाही कळत नाही.

रेमा हॅना आणि ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या एका शहरात शिक्षकांकडून मुलांच्या उत्तरपत्रिका तपासून घेतल्या. पहिल्या पानावरचे वय, लिंग आणि जात त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटून टाकली होती. आतल्या उत्तरांशी त्या माहितीचा काडीचा संबंध नव्हता. तरीही ज्या पेपरवर ‘खालची’ समजली जाणारी जात होती, त्यांना सरासरीने कमी गुण पडले. फरक लहान होता, हेही सांगितले पाहिजे. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली खरी चपराक पुढे आहे. हे कमी गुण उच्च जातींच्या शिक्षकांनी दिलेले नव्हते, ते खुद्द खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या शिक्षकांनी दिले होते. शिवाय हा भेद गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या पेपरांत जास्त आढळला. किती चांगल्या उत्तराला किती गुण, हे अजून मनाशी बसलेले नसते, तेव्हा जात अंदाजाला हाताशी येते.

तेव्हा हा अमुक जातीच्या शिक्षकांवरचा आरोप नव्हे. तसा तो करणे सोपे, टाळ्या मिळवणारे आणि चुकीचे ठरेल.

मुलांवर काय परिणाम होतो, ते उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत दिसले. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. ३२१ मुले उच्च जातींची, ३२१ दलित. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दोन्ही गट बरोबरीने खेळले. सगळ्यांसमोर नावासह जात वाचून दाखवली, आणि दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तशीच होती.

आता आपल्या शाळांकडे पाहा. ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’ ही हाक आजही भर वर्गात दिली जाते. पाहुणे आले की ओवाळायला मुली, बाके उचलायला मुलगे. घरी अहिराणी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाचे बोलणे ‘अशुद्ध’ ठरते, आणि पाठोपाठ त्याची समजही कच्ची ठरते. यातले काहीच कुणी वाईट हेतूने करत नाही!

पेपर तपासतानाच्या भेदावरचा उपाय बोर्डाने केव्हाच स्वीकारला आहे. दहावीच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, आसन क्रमांक असतो. मग घटक चाचणी, सहामाही आणि शाळेच्या हातातले तोंडी परीक्षेचे गुण यांना ही शिस्त का नको? हे गुण किरकोळ नाहीत. २०१९ मध्ये भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढले, त्या वर्षी दहावीचा निकाल आधीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला.

‘मुलाला ओळखल्याशिवाय शिकवायचे कसे?’ असे विचारले जाते. शिकवताना जरूर ओळखावे. गुण देताना ती ओळख बाजूला ठेवावी.

हजेरी क्रमांक लिहून भागणार नाही, तो शिक्षकांना पाठ असतो. प्रत्येक परीक्षेला नवा सांकेतिक क्रमांक द्या. तपासणीआधी आदर्श उत्तरे आणि गुणविभागणी लिहून काढा. सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी, मग सगळ्यांचा दुसरा, अशी तपासणी करा. गठ्ठा संपला की सुरुवातीचे पेपर पुन्हा पाहा. लहान शाळेत अक्षरावरूनच मूल ओळखू येते. तिथे केंद्रातल्या दोन शाळांनी गठ्ठे बदलून घ्यावेत. तोंडी परीक्षेला दुसऱ्या वर्गाचे शिक्षक बसवा. शिष्यवृत्तीचे अर्ज वर्गात नव्हे, कार्यालयात भरून घ्या.

यातल्या एकाही गोष्टीला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. पालकांनी येत्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय मांडावा आणि पुढच्या घटक चाचणीपासून अंमलबजावणी मागावी.