थापी हातात कोणी द्यायची?

गवंड्याच्या हाताखाली लागलेला पोरगा आधी घमेलीच वाहतो. वाळू चाळणे, माल कालवणे, विटा भिजवणे, मिस्त्रीसाठी चहा आणणे, सगळे त्याच्याकडे. थापी हाती लागते ती जेवणाच्या सुटीत, मिस्त्री आडवा झाला की. तीही जिन्याखालच्या अशा भिंतीवर, जिथे गिलावा फुगला तरी कोणी पाहणार नाही. ओळंबा सोडणे, दोरी बांधणे, गुण्या लावून कोपरा तपासणे हे असे चोरून शिकलेला माणूस पुढे आपली घरे बांधतो. कागदोपत्री मात्र तो जन्मभर अकुशलच.

शिकाऊ उमेदवारांसाठीचा कायदा 1961चा आहे. 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने, कंत्राटी कामगार धरून, अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेतलेच पाहिजेत. कारखान्याच्या फाटकावर माणसे मोजता येतात. साइटवर कशी मोजणार? इमारत बिल्डरची, आरसीसी एका ठेकेदाराकडे, वीटकाम दुसऱ्याकडे आणि गिलावा चौरस फुटाच्या दराने घेतलेल्या मिस्त्रीकडे. त्याची माणसे आठ. साइटवर तीनशे जण राबत असले तरी उमेदवार कोणी घ्यायचे म्हटले की जो तो पुढच्याकडे बोट दाखवतो.

विद्यावेतनाचीही तीच गत. 2019च्या नियमांनी पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना किमान 5,000 रुपये ठरवले. मजूर नाक्यावर पंधरा दिवस काम मिळाले तरी बिगाऱ्याच्या हाती याहून जास्त पडतात. दर महिन्याला घरी पैसे धाडायचे असलेला पोरगा उमेदवारी कशाला पत्करील? आणि फुटावर पैसे घेणारा मिस्त्री शिकवण्यात आपला वेळ का घालवील? दोघांनाही दोष देता येत नाही.

पैसा नाही, ही सबब इथे चालणार नाही. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर 1996च्या कायद्याने लागू झाला आणि तो कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. त्यातून महाराष्ट्रात मजुरांना भांड्यांचे संचही वाटले गेले. घरात कुकर आला, चांगलेच झाले. पण याच पैशातून विद्यावेतन आणि नाक्यावरचा रोज यांतली तफावत भरून काढावी, दर उमेदवारामागे मिस्त्रीला शिकवण्याचा मोबदला द्यावा. उमेदवार घेण्याची जबाबदारी थेट बिल्डरवर टाकावी आणि ती पाळल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. बिल्डर कुरकुरतील, ‘चांगले मिस्त्री मिळत नाहीत हो’ ही तक्रारही त्यांचीच असते.

एक गोष्ट मात्र पहिल्याच वर्षी करावी. वीस-वीस वर्षे घमेले डोक्यावर घेऊन जिने चढणारी बाई बिगारीच राहते आणि तिच्यादेखत काल आलेला पोरगा मिस्त्री होतो. निम्म्या जागा बायकांना द्याव्यात. मालात सिमेंट किती कमी पडले आहे, हे त्यांना पाटी उचलतानाच कळते.