संगणकाची मुदत आणि गायकाची लय

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ध्वनिमुद्रणाची कला मोठ्या शहरांतील मोजक्या स्टुडिओंतून बाहेर पडून सांगली, लातूर, अकोल्यासारख्या ठिकाणच्या साध्या घरांच्या माडीवर येऊन पोहोचली. आणि ज्या तरुणाला पूर्वी एक गीत मुद्रित करण्यासाठी मुंबई गाठून तासांच्या भाड्याची तजवीज करावी लागे, तो आज लॅपटॉप, लहानसा ऑडिओ इंटरफेस, मायक्रोफोन आणि हेडफोन एवढ्या सामग्रीवर आपला अभंग वा भावगीत घरबसल्या ध्वनिबद्ध करू शकतो, ही घटना मी मराठी संगीताच्या दृष्टीने अत्यंत शुभ मानतो. परंतु या मार्गाला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला आरंभीच दोन पीडा येतात: गायलेला स्वर हेडफोनमध्ये किंचित उशिरा परत येतो, आणि तो उशीर कमी करण्याची खटपट करावी तर आवाजात तडतड सुरू होते. अशा वेळी दुकानदार अधिक वेगवान संगणक घेण्याचा सल्ला देतो, मित्रमंडळी त्यास दुजोरा देतात आणि घरची माणसे कर्जाचे हप्ते फेडू लागतात. हा सल्ला बहुतेक प्रसंगी चुकीचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे; संगीत संगणकाकडे प्रथम वक्तशीरपणा मागते आणि वेग त्यानंतर, ही गोष्ट विकणाऱ्याला सांगावीशी वाटत नाही आणि घेणाऱ्याला कोणी शिकविलेली नसते.

ध्वनी संगणकात अखंड प्रवाहाच्या रूपाने शिरत नाही. इंटरफेस सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा त्याचे मोजमाप घेतो, आणि ही मोजमापे, ज्यांना या व्यवसायात सॅम्पल म्हणतात, ठरावीक संख्येच्या गटांनी संगणकाच्या स्वाधीन केली जातात. तो गट जेथे साठतो त्याला बफर म्हणतात. विहिरीवरच्या रहाटाची गाडगी मोठी असली तर प्रत्येक भरून वर येण्यास वेळ लागतो, पण पन्हळीतली धार तुटण्याचे भय नसते. गाडगी लहान केली तर पाणी लवकर हाती लागते, पण एखादे जरी रिकामे वर आले तरी धार तत्क्षणी खंडित होते. बफरचेही नेमके असेच आहे. सेकंदाला ४४,१०० या दराने १,०२४ सॅम्पलांचा बफर भरण्यास सुमारे २३ मिलिसेकंद लागतात, २५६ चा भरण्यास सुमारे सहा, आणि १२८ चा भरण्यास तिनाहून किंचित कमी. आणि ध्वनीला आत येताना व बाहेर जाताना असे दोन्ही वेळा हे अंतर तोडावे लागत असल्यामुळे, शिवाय यूएसबीचा मार्ग व इंटरफेसमधील रूपांतरक यांचा आपापला वाटा त्यात मिळत असल्यामुळे, एकूण विलंब त्या आकड्याच्या दुपटीहूनही काहीसा अधिक भरतो. उशीर आणि तडतड हे, सारांश, दोन स्वतंत्र रोग नव्हेत. एकावर उतारा घ्यावा तर दुसरा उचल खातो.

आता किती उशीर खपतो, हे पाहिले पाहिजे. हवेतून ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दोन मीटरवर बसलेल्या पेटीवाल्याचा स्वर गायकाच्या कानी सहा मिलिसेकंदांनी येतो, आणि याबद्दल आजवर कोणा गवयाने मैफलीत तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा प्रत्येक मिलिसेकंदासाठी जीव टाकण्याचे कारण नाही. गायकाच्या स्वतःच्या आवाजाची गोष्ट मात्र निराळी आहे. तो आवाज कवटीच्या अस्थींतून त्याला तत्काळ ऐकू येतो आणि हेडफोनमधून मागाहून येणाऱ्या प्रतिरूपाशी त्याचे मिश्रण होते, त्यामुळे चार-पाच मिलिसेकंदांच्या अंतरानेही स्वर पोकळ, परका भासू लागतो. विलंब याहून पुष्कळ वाढला, सेकंदाच्या पाचव्या हिश्शापर्यंत गेला, तर बोलणारा मनुष्य अडखळू लागतो, हे संशोधक बर्नार्ड ली यांनी १९५० सालीच दाखवून दिले होते. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये अनेकदा याच्याजवळ जाणारा विलंब असतो, म्हणून मुद्रणाच्या वेळी असा हेडफोन डोक्यावर चढविणे सर्वथा वर्ज्य समजावे.

तबल्याचे उदाहरण याहून बोलके आहे. द्रुत त्रितालात मिनिटाला २४० मात्रा चालल्या आहेत असे धरले, तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची होते, आणि तीत ‘तिरकिट’ सारखे चार बोल बसविले तर प्रत्येक बोलास ६२ मिलिसेकंद मिळतात. १,०२४ चा बफर ठेवलेल्या संगणकातून तो बोल वादकाच्या कानी परत यावयास पन्नास मिलिसेकंदांपर्यंत अवधी लागतो, म्हणजे हात ‘र’ वर पोहोचत असताना कान अद्याप ‘ति’ ऐकत असतो. मुरलेला वादक हेडफोन काढून ठेवील. परंतु शिकाऊ मुलगा आपलीच लय चुकते आहे असे समजून थोडे आधी वाजवू लागतो, ती सवय हातात मुरते, आणि गुरूने वर्षानुवर्षे घासूनपुसून बसविलेली लय एका यंत्राच्या चुकीच्या मांडणीपायी बिघडते. ही हानी मला पैशांच्या अपव्ययाहून किती तरी अधिक गंभीर वाटते. पुढे त्याच मुलाचे वादन प्रत्येक आघात यांत्रिक मोजपट्टीवर सरकवून ‘दुरुस्त’ केले जाते, आणि मात्रेच्या किंचित मागेपुढे झुलण्यात जे सौंदर्य असते ते त्या दुरुस्तीत नाहीसे होते.

तडतडीचे मूळ शोधू गेल्यास वक्तशीरपणाचा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ४८,००० च्या दराने १२८ सॅम्पलांचा बफर ठेवला की संगणकाला प्रत्येक गटाचे काम उरकण्यास पावणेतीन मिलिसेकंदांहून कमी मुदत मिळते, आणि ही मुदत सेकंदाला ३७५ वेळा, एकदाही न चुकता, पाळावी लागते. मुदत टळली की त्या जागी आवाजात खंड पडतो. तीच ती तडतड. संगणकाची रचना मात्र सर्वसाधारण कारभारासाठी झालेली असते, आणि वाय-फाय, ग्राफिक्स किंवा बॅटरी यांचे ड्रायव्हर मधूनच प्रोसेसरचा ताबा घेतात, त्या वेळी संगीताच्या कामाला दाराशी तिष्ठत राहावे लागते. प्रोसेसरवरील भार सरासरीने पंचवीस टक्केच दिसत असूनही तडतड थांबत नाही, या कोड्याचे उत्तर येथे आहे; सरासरीच्या दप्तरात तीन मिलिसेकंदांच्या अडवणुकीची नोंदच होत नाही. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचे एक साधन कोणत्या ड्रायव्हरने किती काळ वाट अडविली याचा झाडा देते, आणि कोणताही खर्च मंजूर करण्यापूर्वी ते एकदा चालवून पाहावे, असा माझा आग्रह आहे.

त्यानंतरचे उपाय साधे आहेत. मुद्रणापुरते वाय-फाय बंद करावे. वीज वाचविणारी योजना काढून पूर्ण क्षमतेची लावावी. इंटरफेस हबमध्ये न खोचता थेट संगणकाच्या पोर्टमध्ये लावावा. विंडोजवर निर्मात्याने दिलेला असिओ, म्हणजे संगीताला इंटरफेसपर्यंत थेट वाट देणारा, ड्रायव्हरच वापरावा. विदर्भातील वैशाखात लॅपटॉप गादीवर ठेवून काम करणाऱ्याने हेही ध्यानी घ्यावे की तापलेला प्रोसेसर आपणहून गती कमी करतो, आणि सकाळी निर्वेध चाललेले काम दुपारी तडतडू लागते. मुद्रणाच्या वेळी बफर लहान ठेवावा, ध्वनीचे पुढचे रूप आधी पाहून काम करणारे लिमिटरसारखे प्लगइन बंद ठेवावेत, आणि गाणे मुद्रित होऊन मिश्रणाचे काम सुरू झाले म्हणजे बफर निःशंकपणे १,०२४ वर न्यावा, कारण त्या वेळी कोणी गात नसते आणि उशिराने कोणाचे काही अडत नाही. ज्या इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय आहे, तेथे गायकाचा आवाज संगणकात न शिरता थेट हेडफोनकडे वळविता येतो. या एका बटणाने निम्म्या तक्रारींचा निकाल लागेल, परंतु ते कशासाठी आहे हे विकत घेणाऱ्यास क्वचितच सांगितले जाते.

प्रत्येक तडतड बफरचीच असते असेही नाही. मुद्रित केलेला भाग पुन्हा पुन्हा ऐकावा. दोष दर खेपेस त्याच जागी आला, तर तो मुद्रणातच शिरलेला आहे आणि त्याचे कारण तुटकी केबल, मर्यादेबाहेर वाढविलेली पातळी किंवा मुद्रणाच्या वेळी टळलेली मुदत यांपैकी काही असेल. दर खेपेस जागा बदलली, तर मुद्रण निर्दोष असून पुनःश्रवणात संगणक अपुरा पडत आहे. अखंड गुणगुण ऐकू येत असेल तर ती बहुधा अर्थिंगची बाब होय, आणि तिचा जाब संगणकाला विचारण्यात अर्थ नाही.

संगणक बनविणारांना हा प्रश्न ठाऊक नाही, असे म्हणता येत नाही. हांबुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ च्या सुमारास असिओची पद्धत काढली ती विंडोजच्या ध्वनिव्यवस्थेला वळसा घालून संगीताला इंटरफेसपर्यंत थेट वाट मिळावी याच हेतूने. मॅकिंटॉशच्या नव्या प्रणालीत पुढे कोअर ऑडिओमध्ये ही सोय आरंभापासून होती. आणि लिनक्समध्ये कामाला मुदतीची हमी देणारी रचना अनेक वर्षांच्या परिश्रमानंतर २०२४ च्या अखेरीस मूळ कर्नलमध्ये सामील झाली. असे असता लॅपटॉपच्या खोक्यावर कोअर किती आणि गिगाहर्ट्‌झ किती हे ठळक अक्षरांत छापलेले असते, आणि ते यंत्र तीन मिलिसेकंदांची मुदत पाळू शकतो की नाही याविषयी एक अक्षरही नसते. संगीताची साधने म्हणून जी यंत्रे विकली जातात त्यांच्यावर, कोणत्या बफरला एकूण किती विलंब लागतो, हा मोजलेला आकडा छापण्याची सक्ती असावी. ग्राहकाने दुकानात तो मागावयास आरंभ केला तर कायद्याची वाट पाहण्याचेही कारण उरणार नाही.

दुसरी मागणी संगीत विद्यालयांकडे आहे. तानपुरा जुळविणे जसे शिष्याला प्रथम शिकविले जाते, तसे हे यंत्र जुळविणेही आता अभ्यासक्रमात आले पाहिजे, आणि तेही मराठीतून. त्यासाठी मोठा खर्च नको, एक केबल पुरते. इंटरफेसच्या आउटपुटमधून ती त्याच्याच इनपुटमध्ये लावावी, एक टिकटिक बाहेर पाठवून परत मुद्रित करावी, आणि मूळ टिकटिक व परत आलेली टिकटिक पडद्यावर मोठी करून दोहोंमधील सॅम्पल मोजावेत. ड्रायव्हरने आपला विलंब प्रामाणिकपणे कळविला असेल तर मुद्रणाची प्रणाली तेवढ्याने मुद्रण मागे सरकवून घेते आणि अंतर शून्याच्या आसपास येते. ९६ सॅम्पलांचे अंतर निघाले तर ४८,००० च्या दराने दोन मिलिसेकंद हिशेबाबाहेर राहिले आहेत असे समजावे, आणि तेवढी संख्या मुद्रणाच्या मांडणीतील ऑफसेटच्या रकान्यात भरावी. हे सारे एका तासिकेत बसते, आणि ती तासिका पहिल्या महिन्यात, विद्यार्थ्याने हेडफोन लावून पहिला ठेका वाजविण्याच्या आधी घेतली जावी.