दोरीच्या आतले, दोरीच्या बाहेरचे

६ मार्च १९०० रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या चिनी वस्तीत, एका हॉटेलच्या तळघरात एका कामगाराचा मृतदेह सापडला. जांघेत गाठ होती. प्लेगच्या संशयाला तेवढे पुरेसे होते. दुसऱ्या दिवशी वस्तीभोवती दोर बांधले गेले आणि नाक्यानाक्यावर पोलीस उभे राहिले. गोऱ्यांना बाहेर पडता येई, चिन्यांना नाही. जणू रोग कातडीचा रंग पाहूनच पाऊल टाकत होता!

ही माणसे एवढ्या दाटीने का राहत होती, याची चौकशी मात्र कोणी केली नाही. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले होते. जे आधीच येऊन राहिले होते, त्यांना शहरात इतरत्र जागा मिळणे कठीण होते.

ती पहिली नाकेबंदी दोन-तीन दिवसांतच उठली. मे महिन्यात नवा हुकूम निघाला : लस टोचून घेतल्याशिवाय चिनी व जपानी माणसाने शहर सोडायचे नाही. ही लस आपल्या मुंबईची. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ती येथे तयार करून जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली होती. दोष लसीचा नव्हता. सक्ती फक्त आशियाई माणसावर होती, बाकीच्यांना मोकळीक. चिनी दुकानदारांनी दुकाने बंद ठेवली, प्रकरण कोर्टात गेले आणि २८ मे रोजी न्यायाधीश विल्यम मॉरो यांनी हुकूम अडवला.

दुसऱ्याच दिवशी पुन्हा नाकेबंदी! या वेळी सीमारेषा गोऱ्यांच्या इमारती चुकवत वेडीवाकडी फिरली. आत दहा हजारांहून अधिक माणसे अडकली. जू हो नावाचा किराणा दुकानदार कोर्टात गेला. १५ जूनला मॉरो यांनी नाकेबंदी उठवली. हा भेदभाव आहे, एवढेच ते म्हणाले नाहीत. इतकी माणसे एकत्र कोंडली तर रोग वाढण्याचीच भीती जास्त, हेही त्यांनी बजावले.

डॉक्टरांना जे उमगायला हवे ते न्यायाधीशाला उमगले म्हणायचे. वास्तविक उंदरावरच्या पिसवा प्लेग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले होते. पण तेव्हा ते फारसे कोणी मानले नाही, आणि उंदीर दोराखालून ये-जा करीत राहिले. राज्याचे गव्हर्नर हेन्री गेज तर व्यापार बुडेल म्हणून प्लेगच नाही असे सांगत होते. १९०४ पर्यंत शंभरावर माणसे दगावली, बहुतेक चिनी.

१९०६ च्या भूकंपानंतर, १९०७ मध्ये प्लेग परतला. या खेपेला रुग्ण बहुतांशी गोरे होते. दोर कुठेच बांधला गेला नाही. डॉ. रूपर्ट ब्लू यांच्या देखरेखीखाली उंदीर पकडले गेले, त्यांच्यावर बक्षिसे लागली, तळघरांना सिमेंटची जमीन झाली. १९०८ च्या अखेरीपर्यंत शहरातील साथ थांबली.