तिजोरीतला डॉलर आणि ताटातला भात



देशाची तिजोरी भरली असं कुणी सांगितलं, की कामगारानं आधी आपलं ताट पाहावं. आपण कापडावर जगणारी माणसं. शेजारचा बांगलादेश हा अख्खा देशच कापडावर जगतो. म्हणून त्याचा जमाखर्च आपण मांडायला हवा. तो आपल्याला साहेबाइतकाच कळतो.

त्या देशाच्या निर्यातीतल्या दर १०० डॉलरांपैकी ८० हून जास्त तयार कपड्यांचे. सुमारे ४० लाख कामगार या धंद्यात, त्यांत बायका निम्म्याहून अधिक. शर्ट-पँट शिवून युरोप-अमेरिकेला धाडायचे, ही एक चूल. आखातात राबणारी पोरं घरी पैसे धाडतात, ती दुसरी. या दोन चुलींवर सतरा कोटींचा संसार!

पण आलेला डॉलर घरात टिकतो का? तिथं कापूस नावापुरता पिकतो. रुई बाहेरून आणायची, त्यात आपल्या हिंदुस्थानातूनही. तेल बाहेरचं. २०२२ साली युक्रेनची लढाई पेटली, तेल भडकलं आणि गंगाजळी आटू लागली. जानेवारी २०२३ मध्ये नाणेनिधीकडून ४.७ अब्ज डॉलरांचं कर्ज मंजूर करून घ्यावं लागलं. टाका म्हणजे तिथला रुपया. २०२२ च्या आरंभी डॉलरला ८६ टाका पडत. मे २०२४ मध्ये सरकारी दरच ११७ वर गेला.

यात कामगाराचं काय झालं? २०१८ साली शिलाई कामगाराची किमान मजुरी महिना ८,००० टाका ठरली. पुढं पाच वर्षं किमान आकडा तोच! बाजारभाव मात्र पाच वर्षं थांबत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये खाण्याच्या जिनसांची महागाई १२ टक्क्यांवर गेली. कामगारांनी २३,००० मागितले, रस्त्यावर उतरले, काहींचे प्राण गेले. पदरात पडले १२,५००.

५६ टक्के वाढ म्हणून तिचा गाजावाजा झाला. आम्ही हिशेब डॉलरात करतो, कारण परदेशी गिऱ्हाईक डॉलरात मोजतं. २०१८ साली डॉलर ८४ टाक्यांच्या आसपास होता; तेव्हाचे ८,००० म्हणजे ९५ डॉलर. ११७ च्या दरानं १२,५०० म्हणजे १०७ डॉलर. गिऱ्हाइकाला बाई महाग पडली ती महिन्याला १२ डॉलरांनी. आणि तीच बाई तेल-डाळ घ्यायला गेली, की पडलेल्या टाक्याचा सगळा भार तिच्या पिशवीवर! नाणं पडू देणं म्हणजे नोटीस न लावता केलेली मजुरीकपात. हे आम्ही ठासून सांगतो.

वर प्रगतीचे आकडे दाखवले जात होते. जुलै २०२४ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेनंच निर्यातीचा आकडा उतरवला. फरक निघाला १० अब्ज डॉलरांहून मोठा. शिकलेल्या पोरांना नोकऱ्या नव्हत्या. सरकारी नोकऱ्यांच्या राखीव जागांवरून ती पेटली आणि ५ ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधान देश सोडून गेल्या. ज्या हिशेबात माणूस धरलेला नसतो, तो हिशेब असाच फुटतो.

माणूस धरला नाही म्हणजे काय होतं, ते साभारला राणा प्लाझात जगानं पाहिलं. इमारतीला तडे गेले, खालची बँक बंद झाली. शिलाईवाल्यांना मात्र आत धाडलं. २४ एप्रिल २०१३ ला ११०० हून अधिक जीव गाडले गेले.

मालक म्हणतील, मजुरी वाढली तर ऑर्डर दुसरीकडे जाईल. ही धमकी आपल्याला नवी नाही. आपल्याला ढाक्याची मजुरी दाखवायची, ढाक्याला आणखी कुणाची! धमकीत थोडं खरं आहे, कारण एकाच धंद्यावर टांगलेला देश गिऱ्हाइकापुढं मान वर करू शकत नाही. मुंबईच्या गिरणगावानं १९८२ च्या संपानंतर हे भोगलं आहे. पण त्यावर उपाय मजुरी कापणं नव्हे. दुसरे धंदे उभे करा, मजुरीचा आढावा दरसाल घ्या, महागाई भत्ता भावाला बांधा, युनियनला मोकळीक द्या.

२१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात पोरांनी मायबोलीसाठी गोळ्या झेलल्या, १९७१ साली राज्य मिळवलं. आमच्या आधीच्या गिरणी कामगारांनीही मराठी राज्यासाठी छातीवर गोळ्या घेतल्या. आपल्या भाषेचं राज्य आलं, पण पगाराच्या पाकिटात ते अजून यायचं आहे. तिथंही आणि इथंही!

कापडाला सरहद्द नाही. कापड विणणाऱ्यांनी ती मानू नये.