इलेक्ट्रिकलला प्रवेश मिळेल, पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की मला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो, "सर, इलेक्ट्रिकलला नंबर लागेल का?" बहुतेकांचा लागतो. मला काळजी वाटते ती पुढच्या चार वर्षांची.

महाराष्ट्रात अभियांत्रिकी पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा ठरलेला विषय मिळून किमान ४५ टक्के गुण लागतात. राज्यातल्या मागास प्रवर्गांसाठी ही अट ४० टक्के आहे. एमएचटी-सीईटीत शून्याच्या वर गुण मिळाले की पात्रता पूर्ण होते. मुंबईचे व्हीजेटीआय आणि पुण्याचे सीओईपी यांनाही हीच किमान अट आहे, पण तिथल्या इलेक्ट्रिकलसाठी स्पर्धा नव्वदीच्या पुढच्या पर्सेंटाइलची असते. दुसरीकडे अनेक खासगी कॉलेजांत याच शाखेच्या जागा रिकाम्या राहतात आणि त्या भरायला एजंट घरापर्यंत येतात.

पात्रता म्हणजे तयारी नव्हे. एसी सर्किट सोडवायला संमिश्र संख्या लागतात, मशीन्स आणि कंट्रोल सिस्टिम समजायला कॅल्क्युलस लागते. बारावीला गणितात जेमतेम निघालेला मुलगा पहिल्याच सत्रात अडकतो. मग केटी साचत जातात आणि घरचे मात्र फी भरत राहतात. म्हणून प्रवेशाआधीचे दोन महिने गणिताला द्या.

एजंटमार्फत संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेण्याआधी हिशेब करा. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना राज्याने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी दिली आहे. ही माफी कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत फेरीतून प्रवेश घेणाऱ्यांनाच मिळते. आपल्यातल्या बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन अशा अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, तरीही जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर वेळेवर न काढल्यामुळे मुली खुल्या प्रवर्गातून फी भरतात. कागदपत्रांची धावपळ निकालानंतर नको, आताच करा.

आता नोकरीकडे येऊ. कॉलेजच्या जाहिरातीतला 'प्लेसमेंट'चा आकडा पाहून भुलू नका. किती मुलांना विजेच्या क्षेत्रात काम मिळाले आणि किती जण सॉफ्टवेअर कंपनीत गेले, हे मागच्या बॅचच्या मुलांना विचारा. सॉफ्टवेअरमध्ये जाण्यात गैर काही नाही, पण तेच करायचे असेल तर आधीच ठरवून त्याची तयारी करावी.

विजेच्या क्षेत्रातच राहायचे असेल तर वाटा स्पष्ट आहेत. एनटीपीसी, पॉवर ग्रिड यांसारख्या सरकारी कंपन्यांनी गेटच्या गुणांवर अभियंते घेतले आहेत. गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि गुण तीन वर्षे चालतात. यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेत इलेक्ट्रिकल ही स्वतंत्र शाखा आहे. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती या कंपन्या झाल्या. त्यांच्या भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. खासगीत सोलर, पॅनेल बनवणारे कारखाने आणि देखभालीची कामे आहेत. तिथे सुरुवातीचा पगार बेताचा असतो, पण हात बसतो. पुढे परवाना काढून स्वतःची ठेकेदारीही करता येते.

भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमागांनी आपल्या कितीतरी मुलांना मोटारीची नस ओळखायला शिकवले. रिवाइंडिंग करणाऱ्या त्या पोराकडे हुनर आहे, फक्त प्रमाणपत्र नाही. त्याच्यासाठी बारावी हा एकच रस्ता नाही. दहावीला ३५ टक्के असले तरी तो तीन वर्षांच्या डिप्लोमाला पात्र ठरतो. डिप्लोमात खुल्या प्रवर्गाला ४५ किंवा मागास प्रवर्गाला ४० टक्के मिळाले की सीईटी न देता पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. मधेच घर चालवायची वेळ आली तरी हातात डिप्लोमा असतो.

पालकांना एवढीच विनंती, की शेजाऱ्याच्या मुलाने घेतले म्हणून इलेक्ट्रिकल घेऊ नका आणि कॉम्प्युटर मिळाले नाही म्हणूनही नको. मुलाची किंवा मुलीची गणिताची वही उघडून पाहा. जमत नसेल तर अजून वेळ आहे. जमत असेल तर कॅपचा अर्ज भरा, आणि एजंट आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.